जत्रेतला तमाशा: रात्रभर काय चालायचं आणि तीन पिढ्यांना ते वेगवेगळं का आठवतं?

बदलापूर पश्चिमेच्या हेंद्रेपाड्यासारख्या वस्तीत एकाच घरातल्या तिघांना ‘तंबूतला तमाशा पाहिलाय का?’ असं विचारलं, तर तीन वेगळी उत्तरं मिळू शकतात. आजोबांना वग आठवतो आणि तो संपला तेव्हा उजाडलं होतं, हे आठवतं. वडिलांना चित्रपटांची गाणी, शिट्ट्या आणि रंगीत दिवे आठवतात. नातवाने पाहिलेला तमाशा झोपायच्या वेळेआधीच आटोपलेला असतो.

तिघंही एकाच खेळाबद्दल बोलतात आणि तिघांचंही खरं असतं. तमाशा म्हणजे नाच, गाणं, विनोद आणि नाट्य एकत्र असलेला खेळ. तो शेकडो वर्षं चालू आहे, पण तसाच राहिलेला नाही. त्यामुळे कुणाची आठवण ऐकताना ती कोणत्या काळातली आणि कोणत्या प्रकारच्या तमाशाची, हे कळलं तर तिचा अर्थ लागतो.

तमाशाचे दोन प्रकार कोणते?

‘तमाशा’ या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात.

पहिला प्रकार ढोलकी फडाचा तमाशा. यात स्त्रिया आणि पुरुष दोन्ही कलाकार असतात. गाणं-नाचाबरोबर विनोद असतो आणि शेवटी वग, म्हणजे पूर्ण गोष्ट सांगणारं नाट्य असतं. फड गावोगाव फिरतो. यात्रा-जत्रांमध्ये दिसतो तो हाच.

दुसरा प्रकार संगीतबारी. यात गाणाऱ्या-नाचणाऱ्या स्त्रियांची पार्टी असते आणि भर लावणीवर असतो. वग नसतो. संगीतबारी बहुतेक वेळा ठरावीक कला केंद्रांवर, म्हणजे थिएटरांत चालते. पुणे–सोलापूर मार्गाच्या परिसरातलं चौफुला त्यासाठी प्रसिद्ध आहे.

पुष्कळ गैरसमज या दोन प्रकारांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. ‘तमाशा म्हणजे फक्त लावणी’ असं म्हणणाऱ्याने बहुधा संगीतबारी पाहिलेली असते किंवा सिनेमा. जत्रेत रात्र जागवलेल्या माणसाला मात्र नाचाइतकाच सोंगाड्याही आठवतो.

हंगाम कधी असतो?

मोठे फड साधारण दसऱ्याला बाहेर पडतात आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास हंगाम संपवतात. पावसाळ्यात तंबू लावता येत नाही. त्या काळात कलाकार घरी असतात, नव्या वगाची जुळवाजुळव होते. याशिवाय काही हंगामी फड असतात. ते फक्त चैत्र-वैशाखातल्या गावयात्रांपुरते उभे राहतात.

गावाची यात्रा ही गावकऱ्यांसाठी दिवाळीइतकीच मोठी सुट्टी. मुंबई-ठाण्यात नोकरी करणारा माणूस एरवी रजा घेणार नाही, पण यात्रेला घेतो. पुणे, अहिल्यानगर, सातारा, सांगली भागांतल्या कित्येक गावांत दिवसा देवाची पालखी आणि कुस्त्या आणि रात्री तमाशा, असा बेत ठरलेला असे.

तमाशा ठरवण्याची जागाही ठरलेली आहे. पुणे–नाशिक महामार्गावर जुन्नर तालुक्यातलं नारायणगाव ‘तमाशा पंढरी’ म्हणून ओळखलं जातं. गुढीपाडव्याच्या सुमारास तिथे फडमालकांच्या राहुट्या लागतात. गावचे पंच किंवा यात्रा कमिटीचे लोक येतात, राहुट्या-राहुट्यांतून बोलणी करतात आणि सुपारी देतात. सांगली जिल्ह्यातलं विटा हेही फडांचं मोठं केंद्र आहे.

सुपारीच्या तमाशाचे पैसे गाव देतं आणि पाहणाऱ्याला तिकीट लागत नाही. तिकिटाचा तमाशा तंबूत होतो. त्याला चारही बाजूंनी कनात असते आणि दाराशी तिकीटबारी असते. ‘कनातीखालून घुसून पाहिला’ अशी आठवण कुणी सांगत असेल, तर तो तिकिटाचा तमाशा होता हे नक्की.

ठाणे जिल्ह्यात तमाशा कुठे दिसायचा?

बदलापूर-अंबरनाथ परिसरासाठी याचं सर्वांत जवळचं ठिकाण म्हणजे म्हसा यात्रा. मुरबाड–कर्जत रस्त्यावरच्या म्हसा गावी पौष पौर्णिमेला म्हसोबाची यात्रा भरते. ती साधारण जानेवारीत येते. बदलापूरहून बारवी धरणाच्या रस्त्याने मुरबाडला आणि तिथून पुढे म्हसा गावी जाता येतं.

ही यात्रा जनावरांच्या बाजारासाठी आणि घोंगड्यांच्या दुकानांसाठी प्रसिद्ध आहे. पाळणे, मिठाईची दुकानं आणि तमाशाचे तंबू हे तिचं रात्रीचं रूप. पौष महिना फडांच्या हंगामाच्या ऐन मध्यावर येतो. त्यामुळे घाटावरच्या फडांना या दिवसांत घाट उतरून इकडे येणं जमतं. बैल खरेदी करायला आलेला शेतकरी, घोंगडी घ्यायला आलेलं कुटुंब आणि फक्त तमाशासाठी आलेला तरुण एकाच गर्दीत असत.

दुसरी वाट मुंबईची होती. गिरणी कामगार बहुतेक कोकण आणि घाटावरून आलेले. घाटावरच्या लोकांनी तमाशाची आवड सोबत आणली. लालबाग-परळ भागातलं हनुमान थिएटर हे तमाशाचं नावाजलेलं ठिकाण होतं. गिरण्यांचा काळ ओसरला तशी तिथली वर्दळही थांबली. गिरणगाव सोडून कल्याणच्या पुढे राहायला आलेल्या घरांत त्यामुळे दोन प्रकारच्या आठवणी सापडू शकतात: गावच्या यात्रेतल्या तंबूच्या आणि मुंबईतल्या थिएटरच्या.

खेळाचा क्रम कसा असायचा?

जुन्या पद्धतीच्या ढोलकी फडाचा क्रम बांधीव होता.

गण: सुरुवातीला गणपतीचं स्तवन. ढोलकी, हलगी, तुणतुणं आणि झांज यांच्या साथीवर पुरुष कलाकार ते म्हणत. ढोलकी आणि हलगी यांची जुगलबंदी इथेच रंगे. गर्दी जागेवर बसायला लागे ती याच आवाजाने.

गवळण: मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांना अडवणारा कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या आणि गवळणींची म्होरकी ‘मावशी’. मावशीचं काम पुरुष करतो. देवाच्या गोष्टीत गावातल्या टोमण्यांना जागा मिळते ती इथे.

बतावणी: दोन-तीन पात्रांचा हजरजबाबी विनोद. याला पक्की संहिता नसते. सोंगाड्या गावात दिवसभर काय पाहिलं ते रात्री यात घालतो. सरपंच, सावकार, बसचा कंडक्टर, कुणीही सुटत नाही.

रंगबाजी: लावण्या आणि नाच. पायांत चाळ बांधून, नऊवारी नेसून नाचणाऱ्या कलाकारांचा हा भाग. दौलतजादा, म्हणजे प्रेक्षकाने खूश होऊन पैसे देणं आणि त्याचं नाव मंचावरून पुकारलं जाणं, हेही इथेच होतं.

वग: शेवटचा आणि सर्वांत मोठा भाग. ऐतिहासिक, पौराणिक किंवा सामाजिक गोष्ट. सावळज इथल्या उमा-बाबू या जोडीचा ‘मोहना-बटाव’ (१८६५) हा पहिला वग मानला जातो. पुढे पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी (१८६६–१९४५), यांनी लावणी आणि वग दोन्हींना मोठी लोकप्रियता मिळवून दिली. काळू-बाळू कवलापूरकर यांच्या ‘जहरी प्याला’मधले दोन हवालदार आणि दादू इंदुरीकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मधला सावळ्या कुंभार ही वगातल्या पात्रांची गाजलेली उदाहरणं आहेत.

सगळं मिळून रात्र सरायची. वग मध्यरात्रीनंतर सुरू झाला, तर तो पहाटेच संपणार.

‘हजेरी’ म्हणजे काय?

अनेक गावांत तमाशा रात्री संपत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी फडाला देवळासमोर किंवा चावडीपुढे थोडा वेळ कला सादर करावी लागे. याला ‘हजेरी’ म्हणतात. त्यानंतर कुस्त्यांचा आखाडा भरे आणि फड पुढच्या गावाला निघे.

आठवणींच्या दृष्टीने हा भाग महत्त्वाचा आहे. रात्रीचा तमाशा ही मुख्यतः पुरुषांची जागा होती. घरंदाज बाईने तिथे जाऊ नये, असा दंडक कित्येक गावांत होता. हजेरी मात्र दिवसा, उघड्यावर, देवासमोर होई. त्यामुळे रात्री तंबूकडे न जाणाऱ्यांना, बायकांना आणि लहान मुलांनाही ती पाहता येई. एखाद्या आजीने उन्हात नाचणारी, रात्रभर जागलेली कलावंतीण पाहिली असेल आणि आजोबांनी तीच दिव्यांच्या उजेडात. दोघांच्या मनातलं चित्र एकसारखं असणार नाही.

आठवण कोणत्या काळातली, हे कसं ओळखायचं?

तारीख-वर्ष कुणाच्या लक्षात नसतं. पण काही खुणांवरून अंदाज येतो.

*उजेड:* गॅसबत्तीच्या उजेडातला तमाशा जुना. जनरेटर आणि रंगीत दिवे नंतरचे.

*आवाज:* सुरुवातीला माइक नव्हता. शेवटच्या माणसापर्यंत पोचेल असा खडा आवाज हीच कलाकाराची पात्रता होती. ध्वनिक्षेपक आल्यावर गाण्याची ढब बदलली.

*नाव:* १९४०च्या दशकाच्या अखेरीस तत्कालीन मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. ती उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट आली. त्यानंतरच्या काळात ‘लोकनाट्य’ हा शब्द रुळला आणि फडांच्या पाट्यांवर ‘लोकनाट्य तमाशा मंडळ’ असं लिहिलं जाऊ लागलं.

*गाणी:* पारंपरिक लावण्यांच्या जागी चित्रपटगीतं आली, रंगबाजी वाढली आणि वग आखडला. ‘आम्ही गाण्यांसाठीच जायचो’ असं सांगणाऱ्याची आठवण या नंतरच्या काळातली असते.

*वेळ:* ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला त्यांनी मनाई केली. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारकडे आहे. या नियमांचा धाक जसजसा बसला, तसतशी रात्रभराच्या तमाशाची जागा तीन-चार तासांच्या कार्यक्रमाने घेतली. वेळ कमी पडली की पहिली कात्री वगाला लागते. तमाशातला नाट्याचा भाग पुसट झाला, त्याचं हे एक ठोस कारण आहे.

सिनेमातला तमाशा खऱ्यासारखा होता का?

‘सांगत्ये ऐका’ (१९५९), ‘पिंजरा’ (१९७२) आणि ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांनी तमाशा घराघरांत नेला. तंबूत कधीच न गेलेल्या प्रेक्षकालाही तमाशा ‘पाहिल्याची’ आठवण असते ती यांच्यामुळे.

पण सिनेमाला चार-पाच मिनिटांचं गाणं हवं असतं. कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, पार्श्वगायिकेचा आवाज येतो, नाच बसवलेला असतो. तंबूत नाचणारीला त्याच रात्री प्रेक्षकांचे शेरे झेलत पुन्हा पुन्हा मंचावर यावं लागतं. पुढे वगात राणी किंवा आई म्हणून उभंही राहावं लागतं. गवळण आणि बतावणी यांना सिनेमात फारशी जागा मिळाली नाही. आनंद यादवांच्या कादंबरीवर आधारलेल्या ‘नटरंग’ने नाच्याचं, म्हणजे बायकी हावभावांची भूमिका करणाऱ्या पुरुषाचं, दुःख मांडलं. त्यामुळे फडाच्या आतलं एक जग निदान काही प्रेक्षकांपर्यंत पोचलं.

कलाकारांच्या आठवणी वेगळ्या का?

कनातीच्या आत बसलेल्यासाठी तमाशा ही वर्षातली एक रात्र. कलाकारासाठी ती हंगामातल्या असंख्य रात्रींपैकी एक. खेळ संपला की तंबू उतरवायचा, ट्रक भरायचा आणि पुढचं गाव गाठायचं. बहुतेक कलाकार फडमालकाकडून हंगामाच्या आधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतात आणि ती फेडत वर्ष काढतात.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांच्याबद्दलची एक हकीकत महाराष्ट्रभर सांगितली जाते. दिवस भरलेले असताना त्या मंचावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा मंचावर जायला निघाल्या. हे कळल्यावर प्रेक्षकांनी हात जोडून खेळ थांबवायला सांगितलं, असं म्हणतात. या गोष्टीकडे पराक्रम म्हणून पाहिलं जातं. पण खेळ थांबला तर पैसे थांबतात, हेही त्यातच आहे.

विठाबाईंचा राष्ट्रपतींच्या हस्ते १९५७ आणि १९९० असा दोनदा गौरव झाला. तरीही अखेरचे दिवस त्यांना आर्थिक ओढाताणीत काढावे लागले. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचं निधन झालं. आज तमाशा क्षेत्रातला राज्य शासनाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. त्यांच्या कन्या मंगला बनसोडे यांनी फडाची परंपरा पुढे नेली.

यात जातीचा प्रश्नही आहे. तमाशातले बहुसंख्य कलाकार महार, मांग, कोल्हाटी अशा समाजांतून आले. त्यांच्या कलेला टाळ्या मिळाल्या, पण त्यांना गावात बरोबरीचं स्थान मिळालं नाही. इतिहासकार शैलजा पाईक यांनी ‘द व्हल्गॅरिटी ऑफ कास्ट’ (२०२२) या पुस्तकात तमाशातल्या दलित स्त्रियांच्या जगण्याचा हा पदर उलगडला आहे. भूषण कोरगांवकर यांचं ‘संगीत बारी’ आणि संदेश भंडारे यांनी टिपलेली फडांची छायाचित्रं यांतून मंचामागचं जग दिसतं.

करोनानंतर काय झालं?

२०२० साली गुढीपाडवा २५ मार्चला होता. देशव्यापी टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. नारायणगावात सुपाऱ्या ठरण्याचे ते दिवस होते. यात्रा रद्द झाल्या आणि चैत्राचा हंगाम बुडाला. २०२१ मध्येही दुसऱ्या लाटेने तोच हंगाम गाठला. उचल घेऊन बसलेले कलाकार आणि ती देण्यासाठी कर्ज काढलेले फडमालक, दोघंही अडकले. त्याच लाटेत, मे २०२१ मध्ये, ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचं करोनाने निधन झालं. त्यांचे पुत्र रघुवीर खेडकर यांचा फड ‘रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर’ या नावाने गावोगाव ओळखला जात होता.

यात्रा पुन्हा सुरू झाल्या. आता फडांना स्पर्धा आहे ती ऑर्केस्ट्रा आणि डीजेवरच्या लावणी कार्यक्रमांची. त्यांना कमी माणसं लागतात आणि वगाची तालीम करावी लागत नाही.

घरातल्या आठवणी का नोंदवायच्या?

वगाची लिखित संहिता असली, तरी मंचावर घडायचं ते बरंचसं तिथल्या तिथे सुचलेलं. बतावणी तर गावागणिक बदलायची. रोजच्या खेळांचं ध्वनिमुद्रण सहसा होत नसे. त्यामुळे एखाद्या रात्री सोंगाड्या काय बोलला, कोणत्या लावणीला वन्स मोअर मिळाला, याची एकमेव नोंद पाहणाऱ्याच्या डोक्यात असते. तो गेला की ती रात्रही जाते.

घरात तमाशा पाहिलेलं कुणी असेल, तर ‘कसा होता?’ एवढंच विचारून फारसं हाती लागत नाही. नेमके प्रश्न विचारले तर बरंच निघतं:

- यात्रा कोणत्या देवाची आणि कोणत्या महिन्यात होती?
- तिकीट होतं की सुपारीचा तमाशा होता?
- पाटीवर फडाचं नाव काय होतं?
- गॅसबत्ती होती की विजेचे दिवे?
- वग कोणता होता? राजा कोण झालं होतं, सोंगाड्या कोण?
- बायका कुठून पाहत होत्या? की येतच नव्हत्या?
- सकाळी हजेरी झाली का?
- घरी परतलात तेव्हा किती वाजले होते?

उत्तरं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून सोबत गावाचं नाव आणि अंदाजे वर्ष लिहून ठेवावं. दोन माणसांच्या सांगण्यात फरक आला, तर दोन्ही तसंच ठेवावं. फड कधी बदलला, वग कधी लहान झाला आणि कोणाला तंबूत जागा नव्हती, हे पुढे शोधणाऱ्याला अशा फरकांतूनच कळतं.